गाडी थांबवायची खूण

आमच्या घरातल्या गाद्या आईने स्वतःच्या हाताने उसवल्या तेव्हा त्यांना काही झालेलं नव्हतं. एरवी दोन-तीन पावसाळे उलटले की कापसाचे गोळे होत, मग पिंजारी अंगणात बसे, त्याच्या कमानीची तार टंग टंग वाजे आणि दिवसभर आम्हां मुलांच्या केसांत, भुवयांत, ताकाच्या भांड्यातसुद्धा कापूस दिसे. त्या वर्षी पिंजारी आला तो कमान न घेता. त्याच्या खांद्यावर तराजू होता. कल्याणात आमच्या आळीत तो दारोदार फिरला आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या आळीच्या गाद्या रिकाम्या करून गेला. आईने सगळ्या खोळी धुतल्या, वाळवल्या आणि त्यांत भाताचा पेंढा भरला. पेंढा कुशीला टोचे आणि कूस बदलली की कुरकुरे. मी तक्रार केली तर म्हणाली, "सवय होईल. कापसाला आज येतोय तेवढा भाव पुन्हा यायचा नाही." एकच गादी तिने उसवली नाही, ती भाऊकाकाची. तो स्टेशनातून दमून येतो, त्याची पाठ मोडते, म्हणून त्याला कापूस आणि बाकी सगळ्यांना पेंढा.

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, विनायक. आई लग्न होऊन आली तेव्हा तो इतका लहान होता, की न्हाणीघरात त्याच्या अंगावर पाणी घालणं हे तिचं सासरचं पहिलं काम. सासूबाई त्याच वर्षी गेल्या होत्या. दुसऱ्या घरांत दिराला भावजी म्हणत, आई त्याला विनू म्हणायची आणि तो मोठा होऊन मिशा फुटल्या तरी विनूच राहिला. त्याला इंग्रजी शिकवायला ठाण्याला ठेवायचं ठरलं तेव्हा वडिलांचा पगार पुरेना, म्हणून आईने आपल्या पाटल्या काढून दिल्या. हे मला तिने कधी सांगितलं नाही. भाऊकाकानेच सांगितलं, आणि सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते सरकारी मीठखात्यात कारकून होते. थंडी सरली की ते ठाण्याच्या खाडीवरच्या मिठागरांवर जात आणि मिठाच्या राशी पावसाआधी शाकारून होईपर्यंत अधूनमधूनच घरी येत. आले की त्यांच्या टाचा फुटलेल्या असत आणि धोतर मिठाने कडक झालेलं असे. फार कमी बोलत. घरात बोलायचं काम भाऊकाकाकडे होतं. तो कल्याण स्टेशनात तारमास्तर होता आणि जेवायला बसला की साऱ्या जगाच्या गोष्टी सांगे. अमेरिका नावाच्या देशात उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे लोक आपसात लढतायत, दक्षिणेकडचा कापूस बंदरातच अडकलाय, त्यामुळे विलायतेतल्या गिरण्या उपाशी आहेत आणि आपल्या खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आलाय, हे सगळं मी भाकरीच्या तुकड्याबरोबर ऐकलं. आई विचारायची, "आणि ते भांडण मिटलं म्हणजे?" भाऊकाका हसायचा. "वहिनी, ते मिटणार नाही इतक्यात. घरातली भांडणं लवकर मिटत नसतात."

मला त्याच्या गोष्टींपेक्षा त्याच्या डाव्या हाताची जास्त गंमत वाटे. उजव्या हाताने जेवताना त्याचा डावा हात पाटाच्या कडेवर वाजत असे. बोट टेकलं की एक टिचकी, बोट जरा ओढलं की लांब खूण. तारेच्या यंत्राची ती सवय. कचेरीत दिवसभर जे हातातून जाई तेच घरी पाटावर उतरे आणि त्याला त्याचा पत्ताही नसे. मी मागे लागले तेव्हा त्याने मला एकेक अक्षर शिकवलं. आधी कोळशाने इंग्रजी अक्षर काढायचं, मग त्याची टिकटिक. महिन्याभरात मला सगळी अक्षरं यायला लागली. शब्दांचे अर्थ मात्र कळत नसत, कारण इंग्रजी मला येत नव्हतं. आई म्हणायची, "पोरीला असलं शिकवून काय करणार आहेस? सासरी जाऊन पाट बडवणार का ती?" भाऊकाका म्हणे, "वहिनी, हिचं सासर लांब निघालं तर मी इथून विचारीन, गोदे, जेवलीस का, आणि ती तिथून सांगेल." मला ते खरं वाटे. कुठल्याही मुलीला वाटलं असतं.

आता विहिरीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो आणि तिथली विहीर मचूळ होती. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, चहा तेव्हा आमच्याकडे नव्हता म्हणून बरं. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी आई रोज पहाटे काळ्या तलावावरून आणायची, एक घागर डोक्यावर, एक कमरेवर. शेजारच्या बायका चिडवत, की नवरा मिठागरावर आणि घरात पाणी मिठाचं, या बाईला मीठ काही सोडत नाही. आमच्या आळीच्या टोकाला अप्पा नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या परसात गोड्या पाण्याची विहीर होती, कडेला केळी होत्या. वैशाखी पौर्णिमेनंतर ते घर विकून काशीला जाणार होते. आईने आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मी ऐकलं नाही. ते घर तिने मागितलं. दादा म्हणाले, "माझ्या पगारात होणार नाही. तुझ्याने होत असेल तर कर." आणि ते मिठागरावर गेले.

तिच्याने झालं. गाद्यांच्या कापसाचे पैसे तिने भाऊकाकाकडे दिले आणि त्याने मुंबईत समुद्रात भर घालून जमीन करणाऱ्या एका कंपनीचे शेअर तिच्यासाठी आणले. त्या दिवसांत कापसाच्या पैशाने मुंबई फुगली होती आणि शेअर हा शब्द आमच्या आळीत लोणच्यासारखा सगळ्यांच्या तोंडात होता. शिंप्याकडे होते, वैद्यबुवांकडे होते, देवळातल्या पुजाऱ्याकडे होते. बाजारात एका दलालाच्या ओट्यावर माणसं इतकी बसत, की शेवटी त्याने ओट्याला टेकू लावला. दादा एकदा घरी आले असताना भाऊकाकाने त्यांना ती कंपनी समजावून सांगितली. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समुद्र हटवणार म्हणतोस. मी रोज खाडीचं पाणी आत घेतो नि बाहेर सोडतो. ते विचारून येत नाही." भाऊकाका हसला. आईही हसली, पण तिने ते ध्यानात ठेवलं. शेअरचे भाव चढत होते तोवरच, चैत्रात, तिने भाऊकाकाला सांगितलं, "विनू, माझे विकून टाक. मला घरापुरते झाले." त्याने पुष्कळ समजावलं, थोडा रुसलाही. पण विकून रोख पैसे आणून दिले. आईने ते पितळी डब्यात घालून वर मुगाची डाळ ओतली. अप्पांना जाऊन नारळ दिला. अप्पा म्हणाले, "पौर्णिमेला ये. तोवर हे घर तुझं म्हणूनच झाडीन." त्या दिवशी परतताना ती त्यांच्या विहिरीपाशी उभी राहिली आणि रहाटाचा दोर हाताने ओढून पाहिला, मजबूत आहे की नाही ते. एवढंच.

वैशाख लागला. फणस उतरले होते आणि घरभर त्यांचा वास होता. त्या दुपारी भाऊकाका रोजच्यापेक्षा उशिरा जेवायला आला. आईने आमटी-भात, फणसाची भाजी, कैरीचा तक्कू असं वाढलं. मी समोर बसून चिंचोके खेळत होते. तो काही बोलला नाही. लढाईचं नाही, कापसाच्या भावाचं नाही. डावा हात मात्र पाटावर वाजत होता आणि तेच तेच वाजवत होता. मी कान दिला. चारच अक्षरं होती. ती संपली की पुन्हा तीच. मी चिंचोके ठेवले आणि म्हणाले, "भाऊकाका, एस टी ओ पी म्हणजे काय हो?"

त्याचा हात थांबला. घास तोंडाशी नेलेला तसाच राहिला. मग त्याने तो खाल्ला, चावला आणि म्हणाला, "ती स्टेशनातली खूण आहे गं. गाडी थांबवायची."

"ही वाजवली की गाडी थांबते?"

"थांबते."

आई भात वाढत होती. म्हणाली, "निदान जेवताना तरी थांबव त्या गाड्या. आणखी वाढू ना? अर्धं पोटही भरलं नाही तुझं."

तिचा आग्रह ठरलेला असे. तिने वाढू का विचारायचं, त्याने हात आडवा धरायचा, तिने हाताच्या बाजूने पानात भात टाकायचा. हे मी जन्मापासून पाहत होते. त्या दिवशी त्याने हातसुद्धा आडवा धरला नाही. जेवढं वाढलं तेवढं खाल्लं.

सुपारी कातरताना तो म्हणाला, "वहिनी, ते पैसे पौर्णिमेपर्यंत डब्यातच ना?"

"डब्यातच. डब्याला जड होत नाहीत."

"तेवढे दिवस मला द्या. एक गृहस्थ अडचणीत आहेत. त्यांच्याकडे शेअर आहेत, तुमचे होते त्याच कंपनीचे. आजच विकायचेत त्यांना, म्हणून स्वस्तात सोडतायत. पौर्णिमेच्या आत मी ते चढ्या भावाने काढून देतो. घर होईल आणि पाटल्याही होतील."

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "मला पाटल्या नकोत विनू. मला विहीर हवी. अजून चढायचे राहिलेत का भाव?"

"तार रोज माझ्या हाताखालून जाते वहिनी. मला कळणार नाही तर कुणाला कळणार?"

"तुझी खात्री आहे?"

"माझी आहे."

मी हे संभाषण इतक्या वर्षांनी शब्दाला शब्द लिहिते आहे याचं कुणाला नवल वाटेल. मला वाटत नाही. आमच्या घरात ते नंतर कुणी एकदाही उच्चारलं नाही, आणि न बोललेली गोष्ट जशीच्या तशी टिकते. आई उठली, तिने डबा आणला, परातीत डाळ ओतली आणि पैशांची पुरचुंडी त्याच्या हातात दिली. डाळीचे दाणे चिकटले होते ते तिने पदराने झटकले. तो संध्याकाळी शेअरचे कागद घेऊन आला. ते तिने त्याच डब्यात ठेवले आणि वर डाळ ओतली.

आठवडा गेला नसेल, तोच गावात गलका झाला. अमेरिकेतली लढाई संपली. आई तलावावर गेली होती, तिथे बायकांनी तिला सांगितलं. कापूस उतरला, मुंबईत पेढ्यांची दारं लागली, शेअरचे कागद कुणी फुकट घेईना. दलालाच्या ओट्यावर कुणी नव्हतं, नुसता तो टेकू होता. शिंप्याने दुकान उघडलं नाही. वैद्यबुवांच्या घरातून बायकोच्या रडण्याचा आवाज आळीभर येत होता. आई घागरी घेऊन घरी आली, पाणी गाळून भरलं, पदर पिळला आणि मला म्हणाली, "विनूच्या तोंडावर काही विचारू नकोस हां. त्याचेही गेले असतील. पोर आधीच हबकलं असेल."

हे मला त्या सगळ्या प्रकारात सर्वांत कठीण वाटतं. पैसे बुडणं सोपं आहे, पुष्कळांचे बुडतात. पण पुढचे कितीतरी दिवस आई त्याची समजूत घालत होती. तो मान खाली घालून जेवायला बसे आणि ती म्हणे, "अरे तारेवर जे आलंच नाही ते तुला तरी कुठून कळणार? तू काही जाणूनबुजून केलंस का?" त्याला आवडतात म्हणून तिने फणसाचा रस घालून सांदणं केली. पौर्णिमा आली. ती अप्पांकडे गेली आणि सांगून आली, की घर दुसऱ्या कुणाला द्या. अप्पा म्हणाले म्हणे, की दोन महिने थांबतो. ती म्हणाली, "दोन महिन्यांत काय होणार अप्पा? पेंढा विकून विहीर येत नाही." घरी येऊन तिने त्या दिवशीही भाऊकाकाला वाढताना हाताच्या बाजूने भात टाकला. त्याने तो खाल्ला. त्याच्या घशाखाली तो कसा उतरला, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

दादा अजून मिठागरावर होते. मी तोवर आळीतल्या मुलींत भाव खात होते, की मला गाडी थांबवायची खूण येते. दुसरी कुणी असती तर हसून सोडून दिलं असतं, पण वैद्यबुवांची चिमी खमकी होती. म्हणाली, "थांबवून दाखव." आम्ही चार-पाच जणी रुळांपर्यंत गेलो. तिथे तारेचे खांब होते. खांबाला कान लावला की आतून गुणगुण ऐकू येई, तेव्हा तार बोलतेय असं आम्हांला वाटे. खानदेशाकडून मालगाडी येत होती, कापसाच्या गासड्यांनी भरलेली. तो कापूस आता कुणाला नको होता हे आम्हांला काय माहीत. मी हातात दगड घेतला आणि खांबावर वाजवायला लागले. टिचकीच्या जागी हलका ठोका, लांब खुणेच्या जागी दगड घासायचा. चारी अक्षरं, अगदी बिनचूक. गाडी जवळ आली. मी पुन्हा वाजवलं. गाडी धडधडत निघून गेली, शेवटच्या डब्यातल्या माणसाने आमच्याकडे पाहून हात हलवला. चिमी पोट धरून हसली. घरी जाईपर्यंत साऱ्या जणी मला "स्टेशनमास्तरीणबाई" म्हणत होत्या.

त्याच संध्याकाळी दादा आले. पाय धुऊन ओसरीवर बसले होते, पैशांचं सगळं त्यांनी आईकडून ऐकलं होतं. मी रागातच होते. म्हणाले, "दादा, भाऊकाकाने मला चुकीची खूण सांगितली. एस टी ओ पी वाजवलं तरी गाडी थांबत नाही."

दादांना कामापुरतं इंग्रजी येत होतं. म्हणाले, "अगं, थांबवा असाच अर्थ आहे त्याचा. पण खांबावर वाजवून गाडी कशी थांबेल? तुला कुठे सापडलं हे?"

"भाऊकाका जेवताना पाटावर वाजवत होता. सारखं तेच. मी विचारलं तर म्हणाला गाडी थांबवायची खूण."

"कधी?"

"त्याच दिवशी. आईने डब्यातले पैसे दिले त्याच्या आधी."

दादा उठले नाहीत. त्यांनी पंच्याने पाय पुसले होते ते पुन्हा पुसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. तिच्या हातात सांदणांचं भांडं होतं, ते तिने आत नेऊन ठेवलं आणि परत येऊन उभी राहिली.

भाऊकाका आला तेव्हा दिवे लागले होते. दादांनी त्याला बसवलं आणि विचारलं, "त्या दिवशी तारेवर काय गेलं होतं?"

तो म्हणाला, "दादा, तारेतलं बाहेर सांगायचं नाही अशी शपथ असते आम्हांला. नोकरी जाते."

"कापसाची खरेदी थांबवा असं मुंबईच्या पेढीने खानदेशातल्या माणसांना कळवलं. बरोबर?"

तेव्हा आई पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तू सांगितलं नाहीस याबद्दल माझं काही म्हणणं नाही विनू. शपथ होती, पाळलीस. पण पैसे मागायची शपथ नव्हती ना?"

"वहिनी—"

"ते अडचणीतले गृहस्थ कोण होते?"

तो म्हणाला, "मी."

मग सगळं बाहेर पडलं. त्याने शेअर घ्यायला कर्ज काढलं होतं. ती तार कानावर आली तेव्हा त्याला कळलं, की आजच विकले तर आपण वाचतो. दादांनी विचारलं, "गावात इतके लोक घ्यायला टपलेले होते. तिलाच का?" त्यावर तो जे म्हणाला ते मी कधी विसरले नाही. म्हणाला, "बाहेरच्याने विचारलं असतं, तारमास्तर आजच का विकतोय. वहिनी विचारणार नव्हत्या."

कुणी आरडाओरडा केला नाही. दादा म्हणाले, "जेवून घ्या," आणि पानं मांडली गेली. आईने सगळ्यांना वाढलं. भाऊकाकाच्या पानात भात वाढला, आमटी वाढली, भाजी वाढली, नेहमीपेक्षा काही कमी नाही. मग ती भाताचं पातेलं घेऊन दादांकडे आली, माझ्याकडे आली आणि आत गेली. भाऊकाकाचा भात संपला. तो पान समोर धरून बसला. तिने विचारलं नाही. मागितलं असतं तर वाढलंही असतं, पण आमच्या घरात त्याला मागायची वेळ कधी आलीच नव्हती, मागायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो अर्धपोटी उठला. पुढे तो जितके दिवस आमच्याकडे होता तितके दिवस असंच चाललं. एकदाच वाढायचं. आग्रह नाही. आणि मी पाहत असे, जेवताना त्याचा डावा हात पाटावर नसे. मांडीखाली दाबून धरलेला असे.

पावसाळ्याआधी त्याने खानदेशाकडे बदली मागून घेतली. गादी नेली नाही. कापूस एव्हाना मातीमोल झाला होता आणि पिंजारी पुन्हा कमान घेऊन हिंडायला लागला होता. आईने त्याला बोलावलं, भाऊकाकाची गादी उसवायला लावली, पिंजून घेतली आणि त्या कापसाच्या आम्हां सगळ्यांना उशा केल्या. त्यातली एक अजून माझ्या घरात आहे. कापूस चांगला होता. अप्पांचं घर एका भाताच्या व्यापाऱ्याने घेतलं. त्याची बायको भली होती, आळीतल्या बायकांना पाणी भरू द्यायची. आई एकदाही गेली नाही. ती तलावावरून पाणी आणत राहिली, पुढे गुडघे गेले तेव्हा माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने आणलं.

आता मी ठाण्यात राहते. माझ्या मुलाला वर्तमानपत्रात कापसाचे आणि शेअरचे भाव वाचायची हौस आहे. तो मला समजावतो, की पूर्वी बातमी आगबोटीने यायची, सगळ्यांना एकदमच उशिरा कळायची, आता तार समुद्राखालून येते आणि बाजार घटकेत हलतो, ही केवढी प्रगती. मी ऐकून घेते. आगबोट यायची तेव्हा तिची वाट पाहणारे सगळे एकाच धक्क्यावर उभे असत, एवढं मला कळतं. तारेच्या टोकाला एकच माणूस बसतो, आणि तो जेवायला कुणाच्या तरी घरी जातो.

आई गेली तेव्हा दादा आधीच गेले होते. तेराव्याला भाऊकाका आला. केस सगळे पांढरे, पाठ वाकलेली. त्याला मी पंक्तीत बसवलं आणि वाढायला स्वतः गेले, कारण घरातल्या बाकीच्यांना हे काही ठाऊक नाही आणि त्यांनी आग्रह केला असता. त्याचा डावा हात मांडीखाली होता. इतक्या वर्षांनीही. मी वाढत असताना त्याने वर पाहिलं आणि हळूच म्हणाला, "गोदे, ते अजून आठवतं का गं तुला? टिकटिक?"

"आठवतं," मी म्हणाले. "सगळी अक्षरं आठवतात. गाडी मात्र कधी थांबली नाही."

त्याने मान खाली घातली. त्याच्या पानातला भात थोडाच राहिला होता. मी पातेलं उचललं आणि पुढच्या पानाकडे वळले.